मेल्यावर काय आणि शेवटच्या दिवशी काय? ख्रिस्ती श्रद्धेबद्दल वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबरच्या अंकासाठी, मृत्यूनंतर काय होतं असं ख्रिस्ती लोक मानतात यावर प्रश्न पाठवा असं मागच्या महिन्यात म्हटलं होतं. बहुतेक पत्रं हिंदू वाचकांची आली, फोंडा, डिचोली, पेडणे अशा बाजूंची, आणि खरं सांगते मला फार बरं वाटलं. आपण एकमेकांच्या मयताला जातो, तासभर उभे राहतो, आणि तिथे काय म्हटलं गेलं ते न कळताच घरी येतो. मी कॅथलिक, शिक्षण मराठीतून झालेलं, रविवारी पॅरिशमध्ये मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते, त्यामुळे उत्तरं त्या बाजूने आहेत. प्रोटेस्टंट मंडळी जिथे वेगळं मानतात तिथे तसं लिहिलंय. पत्रं थोडी कापलीत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

ताई, आमच्या शेजारची म्हातारी वारली, आम्ही तिला मावशीच म्हणायचो. मयताला चर्चमध्ये गेलो तर फादर आधी म्हणाले मावशी देवाकडे पोचली, आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले शेवटच्या दिवशी ती उठेल. मग ती आत्ता पोचली की अजून जायची आहे? बाजूला बसलेल्या माणसाला हळूच विचारलं तर तो म्हणाला दोन्ही. — वाचक, फोंडा

त्या माणसाने बरोबर सांगितलं, फक्त मयताच्या वेळी त्याला जास्त बोलता आलं नसेल.

कॅथलिक शिकवण अशी की माणूस गेला त्या क्षणीच त्याचा आत्मा देवापुढे उभा राहतो आणि त्याचा निवाडा होतो, जगाच्या अंतापर्यंत ताटकळत बसायचं नसतं. हे काही पहिल्यापासून सगळ्यांना इतकं स्पष्ट होतं असं नाही. १४व्या शतकात पोप जॉन बाविसावे यांनीच आपल्या प्रवचनांत सांगितलं की पुण्यवान आत्म्यांनासुद्धा देवाचं पूर्ण दर्शन शेवटच्या निवाड्यानंतरच होणार, त्यावर केवढा गदारोळ झाला, पॅरिसचे पंडित विरोधात गेले, आणि मरायच्या आधी त्यांनी ते मत मागे घेतलं. त्यांच्यानंतरच्या बेनेडिक्ट बाराव्यांनी १३३६ मध्ये लेखी जाहीर करून विषय संपवला, की ज्यांना शुद्ध व्हायचं काही उरलेलं नाही त्यांना देवदर्शन लगेच.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. तुमच्या शेजारी संध्याकाळी तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, चालतो ना, त्याच्या सुरुवातीला प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो ते थोडक्यात सांगणारी प्रार्थना, म्हणतात, आणि त्यात शरीराचं पुनरुत्थान असं सरळ येतं. शरीराचं! रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, म्हणतात तो नायसिन अंगीकार, ज्याचं आजचं रूप ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेलं आहे, त्याचाही शेवट मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या जगातल्या जीवनाची वाट पाहतो असाच होतो. म्हणजे स्वर्गात पोचलेली मावशीसुद्धा ख्रिस्ती हिशोबाने अजून पुरी मावशी नाही. तिचा आत्मा देवाजवळ सुखात आहे, पण ते हात, तो चेहरा, ती ओट्यावर बसून हाक मारायची ती सगळी माणूस म्हणून मावशी, ती शेवटच्या दिवशी उठणार. सेंट थॉमस अक्वायनास यांनी १३व्या शतकात हे फार रोखठोक लिहून ठेवलंय, माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. मला हे वाक्य फार आवडतं, कारण आपल्याकडे ख्रिस्ती घरांतसुद्धा निम्म्या लोकांना वाटतं की मेलं की आत्मा उडून वर गेला, झालं, संपलं. ते संपलेलं नसतं.

शेवटी हे पुनर्जन्मासारखंच ना? गीतेत म्हटलंय जुने कपडे टाकून नवे घालावे तसा आत्मा शरीर बदलतो. तुमच्यात एकदाच बदलतो एवढाच फरक? — वाचक, डिचोली

नाही, आणि हा फरक नीट समजून घ्या अशी कळकळीची विनंती आहे, कारण सर्व धर्म एकच असं म्हणण्याच्या भरात दोन्ही बाजूंचं मूळ म्हणणं हरवतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या त्या श्लोकात शरीर हे वस्त्र आहे, जीर्ण झालं की टाकायचं, आणि टाकताना वाईट वाटून घ्यायचं नाही. ख्रिस्ती विचारात शरीर टाकायची वस्तूच नाही. देवाने ते घडवलं, चांगलं म्हटलं, आणि स्वतः देवाच्या पुत्राने ते धारण केलं, म्हणून ते सोडून द्यायचं नसून त्याचं रूपांतर व्हायचंय. आणि जन्म एकच. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ९व्या अध्यायात आहे की माणसाला एकदाच मरायचं आणि मग निवाडा. पुढच्या जन्मी सुधारू अशी सोय नाही, मागच्या जन्मीचं फेडतोय असंही नाही. एखादं मूल आजारी जन्मलं तर ते कशाचं तरी फळ आहे असं ख्रिस्ती माणसाने म्हणायचं नसतं, आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी तसं विचारलं तेव्हा येशूने ते साफ नाकारलं, योहानाच्या ९व्या अध्यायात आहे बघा.

मग उठलेलं शरीर असतं कसं? शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांत, याबद्दल जे आलंय ते कुणी ठरवून रचलं असतं तर इतकं विचित्र रचलं नसतं असं मला नेहमी वाटतं. येशूची शिष्या मरीया मग्दालीया कबरीपाशी रडत उभी आहे, येशू समोर आहे, आणि तिला वाटतं हा बागेचा माळी. तो तिचं नाव घेतो तेव्हा ओळख पटते. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालत जातात, भरपूर बोलतात, ओळखत नाहीत, घरी जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडली तेव्हा ओळखतात आणि तेवढ्यात तो दिसेनासा होतो. दारं बंद असताना खोलीत येतो. पण भूत नाही हं, शिष्य घाबरले तेव्हा त्याने खायला मागितलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला, लूक २४. आणि हातापायांच्या जखमा तशाच. मला सगळ्यात भिडतं ते हेच, की उठलेल्या शरीरावर खिळ्यांचे व्रण राहिले. त्याने जे सोसलं ते पुसून टाकलेलं नाही.

म्हणून लाजराची गोष्ट आणि ही गोष्ट एक नव्हे. लाजर चार दिवस कबरीत होता, येशूने हाक मारली, तो बाहेर आला, पण तो याच आयुष्यात परत आला आणि पुढे कधीतरी परत मेला. येशू मरणातून परत फिरला नाही, मरण ओलांडून पलीकडे गेला, आणि जे त्याचं झालं तेच आपलं होणार ही ख्रिस्ती आशा.

येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना, हे समजावताना दाण्याचं उदाहरण घेतलं. आपण भाताचा दाणा पेरतो तेव्हा रोप पेरत नाही, दाणा पेरतो, तो मातीत जातो, आणि जे वर येतं ते दाण्यासारखं दिसत नाही, तरी ते त्याच दाण्याचं असतं, दुसऱ्या कुणाचं नसतं. गोव्यात शेतं बघितलेल्या माणसाला याहून जास्त समजवायची गरज नाही.

आमच्या मित्राच्या वडिलांना जिथे पुरलं तीच जागा काही वर्षांनी उघडून तिथे दुसऱ्याला पुरलं, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. आणि ऑफिसातल्या एका कॅथलिक बाईंचं तर दहनच केलं. शरीर उठणार म्हणता मग शरीरच राहिलं नाही तर उठणार काय? — वाचक, म्हापसा

हा प्रश्न दुसऱ्या शतकातसुद्धा विचारला गेलाय, आणि अगदी क्रूर पद्धतीने. साल १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियों शहरात ख्रिस्ती लोकांना हाल करून मारलं, त्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळून राख ऱ्होन नदीत लोटून दिली, का, तर यांना पुनरुत्थानाची आशा आहे म्हणून मरणाला भीत नाहीत, आता बघू उठतात का. इतिहासकार युसेबियसने त्या मंडळींचं पत्र जपून ठेवलंय म्हणून आपल्याला हे माहीत. त्या राखेमुळे त्यांच्या मागे राहिलेल्यांचा विश्वास डळमळला नाही. ज्याने शून्यातून जग केलं त्याला राखेची काय अडचण, हे ख्रिस्ती लोकांचं साधं म्हणणं. पुढे सेंट ऑगस्टीनने तर समुद्रात बुडालेले, जनावरांनी खाल्लेले, अगदी दुष्काळात माणसानेच माणूस खाल्ला तर ते मांस कुणाचं, इथपर्यंतचे प्रश्न घेऊन उत्तरं दिलीत.

तेव्हा कबर परत वापरली म्हणून काही बिघडत नाही. गोव्यात दफनभूमीला जागा किती आणि गावाची वस्ती किती हे आपण बघतोच, कोनाड्यात हाडं ठेवायची पद्धत इथे जुनी आहे, आणि ती आदराने ठेवली जातात हे महत्त्वाचं.

दहनाचं म्हणाल तर कॅथलिक चर्चने ते बरीच वर्षं मना केलं होतं. युरोपात १९व्या शतकात काही लोक पुनरुत्थान बिनुत्थान काही नाही हे दाखवायला मुद्दाम दहन करून घ्यायचे, म्हणून विरोध जास्त कडक झाला. १९६३ मध्ये रोमने परवानगी दिली, १९८३ च्या धर्मविधीसंहितेतही ती आहे, अट एवढीच की दहन श्रद्धा नाकारण्यासाठी केलेलं नसावं. दफन हीच पसंती अजूनही आहे. २०१६ मध्ये आणखी एक सूचना निघाली, की अस्थी घरात ठेवू नयेत, वाटून घेऊ नयेत, हवेत किंवा पाण्यात सोडू नयेत, दफनभूमीत किंवा चर्चने नेमलेल्या पवित्र जागी ठेवाव्यात. तुमच्या ऑफिसातल्या बाईंच्या घरच्यांनी अस्थी मांडवीत सोडल्या नाहीत तर नवल वाटून घेऊ नका, त्यांच्या मनात वेगळा विचार आहे.

गोंयच्या सायबाचं शव इतकी शतकं टिकलं हाच पुनरुत्थानाचा पुरावा असं आमच्याकडे एक जण सांगतो, खरं आहे का? — वाचक, पणजी

नाही. सेंट फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या सान्सियान बेटावर वारले, तिथे चुन्यात पुरले, काही महिन्यांनी उघडलं तर शरीर ताजं होतं, मग मलाक्का, आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणलं. आज बॉम जेझू बासिलिकात चांदीच्या पेटीत जे आहे ते सुकलेलं पार्थिव आहे, उजव्या हाताचा भाग १६१४ पासून रोमला आहे. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या दर्शनसोहळ्याला तुमच्यापैकी बरेच जण गेला असाल, सगळ्या धर्मांची माणसं रांगेत होती. पार्थिव टिकणं आणि उठणं या वेगळ्या गोष्टी आहेत, सायबसुद्धा तुमच्या आमच्यासारखाच शेवटच्या दिवसाची वाट बघतोय. त्याच्या देहाला मान देतात तो एवढ्यासाठी, की याच देहाने तो अनवाणी गावोगाव फिरला आणि हाच देह उठणार आहे.

ताई मी कॉलेजात आहे, सायन्सला. धर्माचा अपमान करायचा नाही पण सरळ विचारतो, येशू उठला याला प्रूफ काय? — मडगाव

सरळ विचारलंस ते बरं केलंस. प्रयोगशाळेत दाखवता येईल असा पुरावा नाही, आणि असा आहे म्हणणाऱ्यावर तू विश्वास ठेवू नकोस. पण काहीच नाही असंही नाही, इतिहासाचा अभ्यास करणारा ज्या गोष्टी तपासतो त्या इथे आहेत.

पिलात या रोमन सुभेदाराच्या काळात येशूला देहदंड झाला हे बायबलच्या बाहेर रोमन इतिहासकार टॅसिटसनेही लिहिलंय, त्याबद्दल गंभीर अभ्यासकांत वाद नाही. पुनरुत्थानाबद्दलचा सगळ्यात जुना लेखी मजकूर शुभवर्तमानांचा नाही, पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आहे, १५वा अध्याय, साधारण साल ५५ च्या आसपासचा, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांतला. त्यात तो म्हणतो मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, आणि नावं सांगतो, पेत्राला दिसला, बाराजणांना, पाचशेहून जास्त बांधवांना एकाच वेळी आणि त्यातले बरेचसे अजून जिवंत आहेत, मग याकोबाला, आणि शेवटी मलाही. हा पौल आधी ख्रिस्ती लोकांना पकडून तुरुंगात टाकणारा माणूस, लक्षात घे.

दुसरं, रिकामी कबर सगळ्यात आधी बायकांनी पाहिली. त्या समाजात बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, शिष्यांनीसुद्धा त्यांचं बोलणं बडबड समजून सोडून दिलं असं लूकच लिहितो. कुणी बनावट गोष्ट रचायला बसला असता तर साक्षीदार म्हणून बायकांना पुढे केलं नसतं. आता चारही शुभवर्तमानांत तपशील जुळत नाहीत हेही खरं. मार्कात तीन बायका आणि एक तरुण, लूकमध्ये दोन पुरुष, योहानात मग्दालीया एकटीच आधी येते. ते लपवायची गरज नाही, इतकी शतकं हे चारही मजकूर आहेत तसे चर्चमध्ये मोठ्याने वाचले जातायत, कुणी बसून जुळवून टाकले नाहीत.

यावरून माणूस विश्वासाच्या उंबऱ्यापर्यंत येतो. आत जायचं ते ज्याचं त्याने. येशूचा शिष्य थोमा, जो परंपरेने भारतात आला असं मानतात, तोसुद्धा जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, आणि येशूने त्याला हाकलून दिलं नाही, आठ दिवसांनी त्याच्यासाठी परत आला. म्हणून तुझ्यासारख्या प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवणारे ख्रिस्ती मला पटत नाहीत. पौल तर उघड म्हणतो की ख्रिस्त उठलेला नसेल तर आमचा उपदेशही फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. इतकं सगळं एका गोष्टीवर लावलंय त्याने.

मराठीत वाचायला काय आहे? — साखळी

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल घ्या, मराठी वाचकाला डोळ्यापुढे ठेवून लिहिलंय. त्यात योहान २०, लूक २४ आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राचं १५वं प्रकरण आधी वाचा, दोन संध्याकाळी पुरे होतील. जुनी मराठी झेपत असेल तर फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, ओवीत लिहिलेलं, १६१६ मध्ये आपल्या सासष्टीत राचोलला छापलेलं. त्याच्या दुसऱ्या पुराणात येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा आहे. पुनरुत्थानाची गोष्ट मराठी ओवीत पहिल्यांदा गोव्यात छापली गेली याचा अभिमान आपण सगळ्यांनीच बाळगायला हवा, हिंदू असो की ख्रिस्ती.

आमच्याकडे बारावा, तेरावा, मग भाद्रपदात म्हाळ. तुमच्याकडे सातव्या दिवसाचं मीस, महिन्याचं मीस, वर्षाचं मीस. ती काय पितरांना पोचवायला? आणि माझ्या मेलेल्या ख्रिश्चन मित्रासाठी मी मीस सांगू शकतो का? — पेडणे

मीस म्हणजे मिस्साच. पोचवायला म्हणजे, मदतीला. कॅथलिक मानतात की देवाच्या मैत्रीत मेलेला पण अजून पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा पुर्गातोरात शुद्ध होतो, ही शिकवण लियों १२७४, फ्लॉरेन्स १४३९ आणि ट्रेंट अशा परिषदांतून पक्की झाली. तिथला प्रत्येक आत्मा शेवटी स्वर्गातच जाणार हे लोक विसरतात, आमच्या लहानपणी तर त्याची नुसती भीतीच घालायचे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदा मक्काबी हा यहुदी सेनापती लढाईत पडलेल्यांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो, तो आधार. प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ते पुस्तक नाही आणि ते पुर्गातोर मानत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे मृतांसाठी अशी मिस्सा नसते, मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना असते.

सगळ्या मृतांच्या स्मरणाचा २ नोव्हेंबरचा दिवस फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओदिलो याने साधारण १००० सालाच्या सुमारास आपल्या मठांत सुरू केला आणि तो सगळीकडे पसरला. त्या दिवशी फादरांना तीन मिस्सा म्हणायची मुभा आहे, सगळ्या चर्चसाठी ती १९१५ मध्ये दिली गेली, पहिलं महायुद्ध चालू होतं, मेलेल्यांची गणती नव्हती. आपल्याकडे त्या दिवसांत दफनभूमीत बघा कसं असतं, गवत काढलेलं, खुरीस, म्हणजे क्रूस, धुतलेले, शेवंतीची फुलं, मेणबत्त्यांचं मेण सिमेंटवर ओघळून थिजलेलं, आणि फादर पवित्र पाणी शिंपडत एकेका ओळीतून फिरतायत. जायचं असेल तर खुशाल जा, हिंदू म्हणून कुणी अडवत नाही.

आणि हो, मीस जरूर सांगा. चर्चच्या ऑफिसात मित्राचं नाव आणि तारीख द्यायची, तुमचा धर्म विचारत नाहीत. फादर कुणाहीसाठी, जिवंत असो वा मेलेला, मिस्सा अर्पण करू शकतात, तो ख्रिस्तीच असला पाहिजे असंही नाही.

मैत्रिणीबरोबर एका प्रार्थनासभेला गेले तर तिथे सांगितलं की ख्रिस्त न मानणारे सगळे नरकात जाणार. माझी आजी आयुष्यभर देवभोळी, कुणाला दुखवलं नाही, ती नरकात? मला झोप लागली नाही. — वाचक, वाळपई

तुमची झोप कुणी अशी घालवली याचं मला वाईट वाटतं. काही गट असं शिकवतात, त्यांच्या मनातून ते शिकवतात, पण ते कॅथलिक चर्चचं म्हणणं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट लिहिलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाने वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. ते तारण ख्रिस्तामुळेच मिळतं असं चर्च मानतं, ते मी तुमच्यापासून लपवत नाही. पण कोण नरकात गेलं याची यादी चर्चकडे नाही. संत कोण हे ते जाहीर करतं, नरकात अमुक आहे असं एकाही माणसाचं नाव घेऊन त्याने कधी जाहीर केलेलं नाही.

मत्तयाच्या २५व्या अध्यायात शेवटच्या निवाड्याचं वर्णन येशूने स्वतः केलंय. मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलंत, तहानेला होतो, पाणी दिलंत, परका होतो, घरात घेतलंत. आणि ज्यांनी हे केलं ते चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना माहीतच नव्हतं. तुमच्या आजीच्या दारातून कोण कोण जेवून गेलं ते आठवा.

मी हिंदू, नवरा कॅथलिक, लग्न रजिस्टर, ३ वर्षांपूर्वी ते गेले. सासरचे चांगले आहेत. पण त्यांच्यातल्या एकांनी सांगितलं की बायबलमध्ये आहे, पुनरुत्थानानंतर नवरा बायको असं काही नसतं. म्हणजे ते मला भेटले तरी ओळखणार नाहीत का? आणि मी गेल्यावर त्यांच्याजवळ जागा मिळेल का हेही विचारायचं होतं, कुणाला विचारू कळत नाही. — बार्देश

तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

ते वाक्य आहे, मत्तय २२ मध्ये. पण कुणी कुणाला का म्हटलं ते बघा. सदूकी नावाचा गट होता, त्यांना पुनरुत्थानच मान्य नव्हतं, ते येशूची थट्टा करायला आले आणि एक गोष्ट घेऊन आले, एका बाईचा नवरा मेला, रीतीप्रमाणे दिराशी लग्न झालं, तोही मेला, असे सातही भाऊ मेले, मग शेवटी ती बाई, आता उठल्यावर ती सातांतली कुणाची? त्या गोष्टीत बाईला कुणी काही विचारत नाही, ती एकाकडून दुसऱ्याकडे दिली जाते, वंश चालवायला. येशूने सांगितलं की तिथे कुणी लग्न करत नाही आणि लग्नात दिलं जात नाही. म्हणजे ती कुणाच्याच मालकीची नाही. मरणच उरणार नाही तर वंश राखायची धडपड कसली. त्याने ओळख संपते असं म्हटलेलं नाही, प्रेम संपतं असं तर नाहीच नाही. उलट त्याच उत्तरात पुढे तो म्हणतो की देव अब्राहाम, इसहाक आणि याकोब या यहुद्यांच्या मूळपुरुषांचा देव आहे, मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा. नावं घेऊन म्हणतो. ती माणसं देवापाशी नावानिशी आहेत, कुठल्या ढगात विरघळून गेलेली नाहीत. मग्दालीयेला त्याने नावाने हाक मारली ते वर लिहिलंच आहे.

पौलाच्या सगळ्यात जुन्या पत्रांपैकी एक, थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं, साधारण साल ५० चं, ते तुमच्यासारख्याच माणसांसाठी आहे. त्यांची माणसं वारली होती आणि प्रभू येईल तेव्हा ती मागे राहतील का या काळजीत ती होती. पौल त्यांना सांगतो, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. शोकच करू नका असं तो सांगत नाही. लाजराच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला, आणि थोड्या वेळाने आपण त्याला उठवणार हे माहीत असताना रडला. तुम्हाला अजून रडू येत असेल तर त्यात श्रद्धेची कमतरता वगैरे काही नाही, कुणी तसं म्हटलं तर ऐकू नका.

तुम्ही ख्रिस्ती नाही, मग ही आशा तुम्हाला लागू आहे का, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत पण त्या ओळींमागे आहे. वाळपईच्या वाचकाला जे लिहिलं तेच तुम्हालाही. शिवाय पौलानेच करिंथकरांना पहिल्या पत्रात लिहिलंय की विश्वास न ठेवणारी पत्नी पतीमुळे पवित्र झालेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मिश्र लग्नांसाठी लिहिलेलं ते वाक्य आहे, सातव्या अध्यायात, नक्की वाचा.

जागेचं मात्र मी इथून सांगू शकत नाही, ते त्या पॅरिशवर असतं, कबर कुटुंबाची आहे की सार्वजनिक यावरही असतं. सासरचे चांगले आहेत म्हणता तर दिराला किंवा नणंदेला बरोबर घेऊन विगाराला, म्हणजे पॅरिशच्या मुख्य फादरांना, भेटा, मिस्सेनंतर दारात गाठू नका, ऑफिसच्या वेळेत जा म्हणजे नीट बसून बोलता येईल. कबरीचे किंवा कोनाड्याचे कागद आणि पावत्या असतील त्या सोबत घ्या, आणि जे ठरेल ते लेखी मागून घ्या.